आदत की दोन दाती

जनावराचं तोंड उघडायला दोन बोटं पुरतात. भाचीचं तोंड उघडायला दातबाईला तीन वर्षं लागली.

दातबाई हे तिचं खरं नाव अर्थातच नव्हे. जनावरांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. बावीस वर्षं तिने जनावरं धरली, जखमा धुतल्या, डॉक्टर साहेबांच्या हातात सुई दिली आणि साहेब जेवायला गेले की त्यांच्याहून बरी मलमपट्टी केली. पण नाव पडलं ते दातांवरून. दर वर्षी जनावरांचं प्रदर्शन भरायचं तेव्हा फाटकावर टेबल टाकून ती बसायची. येणाऱ्या प्रत्येक जनावराचा खालचा ओठ दोन बोटांनी खाली ओढायचा, समोरचे दात बघायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचं. सगळे दुधाचे दात असले तर "आदत!" पुढचा पक्का दात दिसला तर "दोन दाती!" आदतला पिवळी फीत, दोन दातीला लाल. फीत बांधली की गट ठरला, मग तिथे कोणाचा वशिला चालत नसे. एकदा एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याने बोकडाचा नवा दात कानशीने घासून लहान करून आणला होता. दातबाईने नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाली, "दात घासलात ते बरं केलंत. आता स्वतःचेही घासा आणि लाल फितीच्या रांगेत उभे राहा." तेव्हापासून परीक्षक तोंड उघडून बघायचीही तसदी घेत नसत. दातबाईने बघितलंय ना, मग झालं.

ज्या बाईचा शब्द मैदानावर कोणी खाली पडू देत नव्हतं, तिला घरात मात्र काडीची किंमत नव्हती.

ती भावाकडे राहायची. लग्नानंतर चौदा महिन्यांत परत आली ती आलीच. दादाने ठेवून घेतलं, आणि ठेवून घेतल्याचं विसरूही दिलं नाही. तिची खोली स्वयंपाकघराच्या मागे. खोलीला दार एकच आणि तेही स्वयंपाकघरात उघडणारं. बाहेर जायचं तर आधी वहिनीच्या ओट्यापुढून, मग दादाच्या खुर्चीपुढून. पायात चप्पल सरकवली की वहिनी विचारणार, "आता कुठे?" खिडकी होती, पण तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजाऱ्याची भिंत. त्या भिंतीवरच्या सिमेंटचा प्रत्येक पोपडा दातबाईला पाठ होता. एक लोखंडी पलंग, एक ट्रंक, वर्षाच्या धान्याच्या कोठ्या आणि उरलेल्या जागेत खाली अंथरूण घालून झोपणारी भाची.

भाची दादाची एकुलती एक. ती बोलायची ते ओठांतल्या ओठांत, म्हणून शाळेत पोरांनी तिचं नाव ठेवलं पुटपुटी. तोंडी परीक्षेत सगळं येत असूनही तिला शून्य मिळालं, कारण बाईंना काही ऐकूच आलं नाही. दोन वर्षं ओळीने असंच झालं. मग दादा म्हणाला, "बस झालं शिक्षण. घरात राहू दे. सोळा पूर्ण झाली की माझ्याकडे खोक्यांच्या कारखान्यात लावतो. तिथे बोलायचं काम नाही, पुठ्ठा दुमडायचा आणि पट्टी मारायची."

तेव्हा पोरगी तेरा वर्षांची होती. दातबाई तिला दवाखान्यात घेऊन जाऊ लागली. घरी सांगितलं, "डबा आणून देईल, हाताशी राहील." कोणी हरकत घेतली नाही, कारण पोरगी घरात असली काय आणि नसली काय, आवाज सारखाच.

दवाखान्याच्या मागे पत्र्याचं छप्पर, तीन कप्पे आणि पाण्याचा हौद होता. दर रविवारी दातबाई तिथे आसपासच्या मुलांना गोळा करायची. पंक्चरवाल्याची मुलगी कोंबड्या आणायची, जुळे भाऊ सशांची जोडी, कसायाचा मुलगा एक मेंढा. त्या मेंढ्याला रोज आंघोळ घालून तो बापाला बजावायचा, "याच्याकडे बघायचंसुद्धा नाही!" सरकारी मंचावरून साहेब लोक कौशल्य, कौशल्य म्हणून घसा कोरडा करतात, वर फुलांचा गुच्छ घेतात आणि गाडीत बसून निघून जातात. दातबाईने तो शब्द आयुष्यात कधी वापरला नाही. ती एवढंच म्हणायची, "तुझ्या जनावराला तहान लागली तर ते तुझ्या दारावर टकटक करणार नाही. तूच उठायचं." आणि मुलं उठायची. घरी आईने चार हाका मारल्या तरी कूस न बदलणारी कार्टी पहाटे हौद भरायला हजर.

पुटपुटीला पहिल्या वर्षी एक कोकरू दिलं होतं. एका दुपारी तिला दिसलं, कोकराची डावी कूस फुगलीय. ती डॉक्टर साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि पुटपुटली. साहेब फोनवर होते. ती परत गेली, परत आली, परत पुटपुटली. साहेब म्हणाले, "काय गं, पाणी हवंय का?" ती मान हलवून निघून आली. दातबाई बाहेरगावच्या लसीकरणाहून तासाभराने परतली तेव्हा कोकरू पाय ताणून पडलेलं होतं.

दातबाईने तिला रागावलं नाही, पदराखालीही घेतलं नाही. तिने कोकराच्या ताठलेल्या पोटावर पोरीचा हात ठेवला आणि म्हणाली, "पोटफुगी. अर्ध्या तासात नळी घातली असती तर वाचलं असतं. तू दोनदा सांगितलंस. ऐकू जाईल असं एकदाच सांगायला हवं होतं."

पुढच्या आठवड्यात कसायाच्या मुलाचा मेंढा दोरीत मान अडकून घुसमटत होता. तेव्हा दवाखान्याच्या मागून अशी किंकाळी आली की साहेबांच्या हातातला चहा शर्टावर सांडला. पुटपुटी ओरडत होती, "दोरी! कोयता आणा! आत्ता!" मेंढा वाचला. साहेबांचा शर्ट वाचला नाही.

घरात मात्र ती पुटपुटतच राहिली. दादाच्या खुर्चीपुढे आली की तिचा आवाज कुठल्या कोठीत जाऊन बसायचा देव जाणे. दातबाईला त्यात नवल वाटत नसे. तिचा स्वतःचाही आवाज त्या खुर्चीपाशी असाच बसायचा.

मग आली शाई. दवाखान्याच्या पायरीवर कोणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून गेलेलं, दोन दिवसांचं काळंकुळीत करडू. आई मेलेली असणार. पुटपुटीने तिला बाटलीने दूध पाजलं, दर रविवारी काट्यावर उभी केली, वहीत वजन लिहिलं, जंताचं औषध कधी दिलं ते लिहिलं, खुरं कापायला शिकली. एकदा खूर जास्त खोल कापलं, रक्त आलं, तर तेही लिहिलं: "चूक माझी." शाईला आखूड दोरीने चालवायचं, परीक्षक ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूला आपण राहायचं, थांबलं की तिचे चारी पाय चौकोनात लावायचे, पाठ सरळ, मान वर. आणि कोणी विचारलं तर बघायचं विचारणाऱ्याच्या डोळ्यांत, शेळीच्या नव्हे.

"शेळीच्या डोळ्यांत बघणं सोपं आहे गं आत्या."

"म्हणूनच त्याचे गुण नसतात."

त्या वर्षी प्रदर्शनाच्या पत्रकात एक नवी ओळ आली. शेळ्यांच्या आदत गटात, स्वतः वाढवलेल्या जनावरासह पहिला येणाऱ्या सतरा वर्षांच्या आतील मुलाला किंवा मुलीला पशुधनाच्या पदविकेला थेट जागा. दोन वर्षं, वसतिगृहासकट. दहावीची अट नाही. दातबाईने ती ओळ उभ्याने वाचली, मग बसून वाचली. शाई काळीभोर, भरलेली, वर्षाची. आसपासच्या तीन दवाखान्यांत तिच्या तोडीचं आदत जनावर नव्हतं, हे ती डोळे मिटून सांगू शकत होती. आणि पोरगी पुढच्या खेपेला सतरा ओलांडणार होती. म्हणजे हीच वेळ, दुसरी नाही.

अर्ज भरताना दवाखान्यातल्या नव्या कारकुनाने घोळ घातला. तो पाणीपुरवठ्यातून बदलून आलेला. "आदत" या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, "स्वभावाने शांत. कागद खाण्याची आदत आहे."

"अहो, सवय नाही विचारलेली! दात विचारलेत!" दातबाई करवादली.

"मग दात असं लिहावं ना माणसाने," कारकून म्हणाला. "आमच्याकडे नळाला दात नसायचे."

घरी विषय काढायला दातबाईला चार दिवस लागले. दादाने पत्रक चष्मा न लावताच परत केलं.

"वसतिगृह? ही? ही तिथे मीठसुद्धा मागू शकणार नाही."

"दादा, पहिली आली तर..."

"ठीक. पहिली आली तर जाऊ दे. मी काही राक्षस नाही. नाही आली तर सोमवारपासून कारखाना. मग कोणी तोंडातून ब्र काढायचा नाही. हिने नाही आणि तूही नाहीस. कबूल?"

"कबूल," दातबाई म्हणाली. पोरीला कोणी विचारलंच नाही.

शेवटचे पंधरा दिवस दातबाईने शाईला अंगात गच्चपणा यावा म्हणून सुकी मक्याची कणसं द्यायला लावली. एरवी तिने असं कधी केलं नसतं. वर्ष उलटलेल्या पाटीला, म्हणजे न व्यालेल्या तरुण शेळीला, कठीण चघळायला देऊ नये, पडायला आलेला दात वेळेआधी सुटतो, हे ती दुसऱ्यांना सांगायची. पण हाव डोळ्यांवर येते तेव्हा शहाणपण आधी आंधळं होतं. आठ दिवसांपूर्वी तिने तोंड बघितलं होतं, सगळे दात घट्ट होते. त्यानंतर बघितलंच नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी उजाडताना दोघी दवाखान्यात पोचल्या. पुटपुटी शाईचं अंग पुसत होती. मध्येच थांबली.

"आत्या."

"काय?"

"इकडे ये."

ओठ खाली ओढलेला होता. समोरचा डावा दुधाचा दात नव्हता. त्या जागी हिरडीतून पक्क्या दाताची रुंद, पांढरी कड वर आली होती, तांदळाच्या कणीएवढी. कणीएवढी असो की बोटाएवढी, नियम एकच होता. पक्का दात दिसला की दोन दाती.

दातबाई हौदाच्या कठड्यावर बसली. कणसं तिला आठवली. मग वसतिगृहाचा पत्ता आठवला, जो तिने पाठ केला होता. मग भिंतीवरचे पोपडे.

ती उठली आणि म्हणाली, "तोंड कोण बघतं फाटकावर?"

"तू."

"नंतर कोणी बघतं?"

"नाही."

"मग झालं."

पुटपुटी काही बोलली नाही. दातबाईने ते होकारासारखं घेतलं. त्यांच्या घरात गप्प बसणं हा होकारच धरायची रीत होती. तीच रीत तिच्यावर वीस-बावीस वर्षं चालली होती, आणि आज ती तिने स्वतः चालवली.

फाटकावर रांग लागली. "आदत! ... दोन दाती! ... दोन दाती! ... ओ काका, शेपटीकडून नाही, तोंडाकडून आणा!" लोक हसत होते. मग शाई समोर आली. दातबाईने ओठ खाली ओढला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने बघितलं नाही. बोट मात्र त्या कडेवर टेकलंच.

"आदत!"

आवाज गरजेपेक्षा मोठा आला. पोऱ्याने पिवळी फीत बांधली. पुटपुटीने एकदा आत्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

आदत गटाच्या वेळी दातबाई टेबल कारकुनावर सोपवून दोरीपाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे दादा होता, इस्त्रीच्या शर्टात, हाताची घडी घालून. कारखान्यातले दोघेजण बरोबर आणलेले. रिंगणात अकरा जनावरं. कोणी दोरी ओढत होतं, कोणाला दोरी ओढत होती. पुटपुटी चालली तशी सगळ्यांची बडबड थोडी कमी झाली. शाई मान वर करून, दोरी ढिली, जणू पोरगी नुसती सोबतीला आहे. थांबली तर चारी पाय चौकोनात. म्हातारे परीक्षक बाहेरगावचे. त्यांनी पाठीवर तळवा फिरवला, कमरेची हाडं चाचपली, खूर उचलून पाहिलं. मग त्यांनी एकेक करून जनावरं हलवली आणि शाईला रांगेच्या डोक्याला आणून उभं केलं.

दातबाई दोरीवरून पुढे वाकली.

"वय?" परीक्षकांनी विचारलं.

"तेरा महिने." आवाज स्वच्छ.

"खाणं?"

"सकाळी पाला, दुपारी चरणं, संध्याकाळी भरडा. शेवटचे पंधरा दिवस मक्याची कणसं."

"कणसं? या वयात?" परीक्षक चमकले. मग कागदावर लिहिता लिहिता, उत्तर ठाऊक असल्यासारखं त्यांनी विचारलं, "दात आदत, बरोबर?"

नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. पुटपुटलं असतं तरीही. दातबाईने तिच्यासाठी प्रार्थना केली ती हीच, की पोरी, आज एकदा तुझ्या जुन्या आवाजात पुटपूट.

"नाही," पुटपुटी म्हणाली. दोरीपर्यंत, दोरीच्या पलीकडे, दादापर्यंत ऐकू जाईल इतकं. "डावा दात पडलाय. पक्का वर आलाय."

परीक्षकांनी चष्मा काढला. वाकून ओठ खाली ओढला. सरळ झाले.

"फाटकावर कोणी बघितलं?"

"फाटकावरचं मला विचारू नका. मी सकाळीच पाहिलं होतं. मी रांगेतच यायला नको होतं. चूक माझी."

माणसांत एक कुजबूज सरकत गेली. "दातबाईची भाची," कोणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्याने "आयला" म्हणून तीनच अक्षरांत सगळं सांगून टाकलं. परीक्षकांनी स्वतःच्या हाताने पिवळी फीत सोडली. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "जनावर सुंदर ठेवलंयस. दोन दातीचा गट दुपारी आहे. उतरायचं असेल तर उतर."

ती उतरली. तिथे जागाबिगा काही नव्हती, नुसता तगड्या, भरलेल्या शेळ्यांचा आणि मिशीवाल्या व्यापाऱ्यांचा गट. नऊ जणांत ती सातवी आली. दादा तोवर थांबलाही नव्हता. जाताना बहिणीपाशी क्षणभर रेंगाळून म्हणाला, "सोमवारी. सातला." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे दातबाईला जास्त लागलं. ठरल्याप्रमाणे झालं, एवढंच.

परतीच्या रस्त्यावर दोघींच्या मध्ये शाई होती. वर्कशॉपांच्या बंद शटरांपुढून चालताना दातबाईचा तोल सुटला.

"एक मान हलवायची होती! एक! तुझ्यासाठी मी बावीस वर्षांचं नाव पणाला लावलं, आणि तू भर मैदानात..."

"मी सांगितलं होतं का लाव म्हणून?"

दातबाई थांबली. शाईही थांबली.

"तू विचारलंसच नाही मला," पोरगी म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण खाली जात नव्हता. "बाबा विचारत नाहीत, आई विचारत नाही. तूसुद्धा नाही विचारलंस. कबूल म्हणालीस तेव्हाही नाही, सकाळीही नाही. तिकडे गेल्यावर पहिल्याच प्रात्यक्षिकाला दात बघायला लावले असते. मी काय सांगणार होते? आमच्याकडे पक्का दात आत्याच्या हुकुमाने दुधाचा होतो?"

दातबाईला हसू यावं की रडू, कळेना. दोन्ही गिळून ती म्हणाली, "सोमवारी जाशील ना मग पुठ्ठे दुमडायला. तेव्हा आठवेल तुला आत्या."

"जाईन. मला नाही जायचं. पण जाईन."

दोघी दवाखान्यात पोचल्या. पोरीने शाईला पाणी दाखवलं, दाव्याला बांधलं आणि वहीत लिहिलं: "दोन दाती. सातवा नंबर." अक्षर नेहमीसारखंच. मग वही मिटून भिंतीला टेकून ती रडली, चांगली हुंदके देऊन. दातबाई जवळ जाऊन उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती, तिच्याकडे कोणी कधी मागितली नव्हती. ती म्हणाली, "कणसं माझी चूक." थोड्या वेळाने म्हणाली, "न विचारणं पण."

सोमवारी पोरगी बापाच्या मागे कारखान्यात गेली आणि दातबाईला डॉक्टर साहेबांनी आत बोलावलं. प्रदर्शन समितीचं पत्र आलं होतं. लेखी खुलासा द्यायचा. कारकुनाने कोरा कागद पुढे सरकवला आणि हलक्या आवाजात मसुदाही सांगितला. "'गर्दीत नजरचुकीने नोंद झाली.' बस. एक ओळ, विषय संपला. सगळे तसंच लिहितात."

दातबाईने पेन घेतलं. नजरचूक. बावीस वर्षं ज्या नजरेच्या जोरावर ती मैदानावर ताठ बसली, तिलाच आता चुकीची म्हणायचं. तिला आतून संताप आला. स्वतःचाच, पण संताप तो संतापच. तिने लिहिलं: "पक्का दात मला दिसला होता. मी मुद्दाम आदत सांगितलं. मुलीचा दोष नाही."

साहेबांनी वाचून कपाळाला हात लावला. "बाई, हे लिहिल्यावर मी काही करू शकत नाही."

"करू नका."

फाटकावरचं काम गेलं. सेवापुस्तकात शेरा पडला. डबा हलवत येणारे गवळीही दोन दिवस तिच्याकडे जरा तिरपे बघून गेले. दवाखान्यातलं बाकीचं काम तसंच राहिलं, घरातली खोलीही तशीच. पोरगी संध्याकाळी यायची ती बोटांना पुठ्ठ्याचे काप घेऊन. जेवायची आणि झोपायची. रविवारी मुलं येणार म्हणून दातबाईने विचारलं तर ती छताकडे बघत म्हणाली, "हंगाम आहे. रविवारी पण पाळी लावणार आहेत." दातबाईला वाटलं, संपलं. दादाने दार लावलं, आणि कडी आपण घातली.

शनिवारी सुटीच्या वेळेला ती कारखान्यापाशी गेली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. अर्धं उघडलेलं शटर, आत पिवळे दिवे, लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंनी चाळीसेक बाया आणि पोरी, मध्ये छपरापर्यंत खोक्यांची चळत. गोंदाचा आंबट वास. दादा लाकडी पेटीवर उभा राहून सांगत होता, "उद्या पूर्ण पाळी. साडेसात ते साडेपाच. कोणाची काही अडचण?"

ही विचारायची पद्धत होती. अडचण कोणी सांगायची नसते, हे सगळ्यांना ठाऊक. बाया पिशव्या आवरू लागल्या.

"माझी आहे."

तिसऱ्या टेबलाशी पोरगी उभी होती. दोन्ही पाय सारखे टेकवून, हात खाली, नजर थेट पेटीवरच्या माणसावर. दातबाईने शटरची कड धरली.

दादाच्या चेहऱ्यावरून आधी काहीच सरकलं नाही. बहुधा त्याला आवाज ओळखता आला नव्हता. मग म्हणाला, "घरी बोलू."

"घरी नको, साहेब." एवढ्या बायांपुढे तिने त्याला साहेब म्हटलं. दोन बाया फिसकन हसल्या. "कामाची गोष्ट आहे, इथेच बोलते. रविवारी सकाळी दवाखान्यात सात मुलं येतात. त्यांची जनावरं मी बघते. मला सुटी हवी."

"पाळी कोण भरणार? जनावरं?"

हशा पिकला. पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दातबाईला वाटलं, बसली खाली. पण ती हसणं थांबेपर्यंत थांबली, परीक्षक समोर येईपर्यंत थांबावं तशी.

"सहा दिवसांत खराब म्हणून माझी खोकी सगळ्यांत कमी परत आली. भिंतीवरच्या पाटीवर आकडा आहे, तुम्हीच लिहिलाय. सकाळचं मी सोमवार-मंगळवारी जादा बसून भरून देईन."

सगळ्यांनी पाटीकडे पाहिलं. दादानेही पाहिलं. पेटीवर उभ्या माणसाला खाली उतरायला जागा नव्हती. चाळीस बायांपुढे स्वतःच्या अक्षरातला आकडा त्याला खोटा म्हणता येईना. तो शटराकडे वळला तर तिथे बहीण.

"दहापर्यंत," तो शेवटी म्हणाला.

"दहाला तर सशांचं वजनही होत नाही. बारा."

"ए पोरी, बाजार आहे का हा?" तो ओरडला. एक म्हातारी कामगार टेबलावर कोपर टेकून म्हणाली, "द्या हो साहेब बारा. आमच्या जन्मात इथे कोणी मागितलं नव्हतं, मागितलं कसं जातं ते तरी बघू."

"बारा," दादा म्हणाला. "एक मिनिट उशीर झाला तर पुढचे सगळे रविवार बंद."

तो पेटीवरून उतरून मागच्या दाराने निघून गेला. बाया बाहेर पडू लागल्या. जाता जाता कोणी पोरीच्या पाठीवर थाप मारली, कोणी नुसती तिच्याकडे बघून गेली. ती बाहेर आली. दातबाईने तिचा दंड धरला.

रस्त्याने थोडं पुढे गेल्यावर दातबाई म्हणाली, "घरी विचारलं असतंस तर?"

"घरी ते नाही म्हणाले असते, आणि ते कोणालाच ऐकू आलं नसतं." पोरगी दम घेण्यासाठी थांबली. "बारा म्हणाले ना? सगळ्यांनी ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मग आता त्यांना फिरता येणार नाही," ती म्हणाली, आणि दोघी घराकडे चालू लागल्या.